भजनाची पुस्तिका घरच्या घरी: पीडीएफजॅमने पानं लावून ए४ कागदावर छापायची कशी

गणपतीच्या दिवसांत आमच्या वाडीत रोज रात्री घरोघर भजन असतं. कुडाळ-कणकवलीकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पेटी, पखवाज, झांजा आणि समोर पंचवीस-तीस माणसं. जुन्या मंडळींना रूपाचा अभंग, गजर, गवळण सगळं पाठ. मुंबईहून आलेली पोरं मात्र मोबाइलवर शब्द शोधत बसतात, आणि ऐन गजरात स्क्रीन काळी होते. म्हणून मंडळाने ठरवलं, हातात मावेल अशी छोटी पुस्तिका छापायची.

पहिल्या वर्षी मी ४४ पृष्ठांची फाइल घेऊन बाजारात गेलो, "पुस्तिका करून द्या" एवढंच सांगितलं आणि ५० प्रती घेऊन आलो. घरी उघडल्यावर कळलं, प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी छापली होती. कागद कुठल्या कडेवर उलटायचा हे मी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच ते ठाऊक नव्हतं. ५५० कागद वाया गेले. पुढच्या वर्षीपासून पानं मी स्वतः लावतो, म्हणजे दुमडल्यावर क्रमाने येतील अशी मांडतो, आणि दुकानात फक्त छापायला नेतो. हे तिसरं वर्ष. जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचे कागद वाचतील.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. या लेखात "कागद" म्हणजे ए४चा अख्खा ताव. "पृष्ठ" म्हणजे पुस्तिका उघडल्यावर दिसणारी एक बाजू, जिच्यावर एक क्रमांक असतो. एक कागद मधोमध दुमडला की त्यावर चार पृष्ठं बसतात. पुढचं सगळं या चारच्या हिशेबावर चालतं.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान लिपीत टंकायच्या, अंकही इंग्रजी. दोन आडव्या रेघा दिसतील तिथे हायफनची कळ दोनदा दाबायची, मध्ये जागा सोडायची नाही. बाकी जिथे जागा सोडली आहे तिथे जागा सोडायचीच.

काय काय लागेल

- शब्दांची फाइल, पीडीएफ स्वरूपात
- लिनक्स किंवा मॅक संगणक. विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय)
- पीडीएफजॅम (पानं लावणारी आज्ञा) आणि पॉप्लर-युटिल्स (पीडीएफ तपासणाऱ्या आज्ञांचा संच)
- ए४ कागद, मुखपृष्ठासाठी थोडा जाड रंगीत कागद
- लांब हाताचा स्टेपलर (साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही)
- लोखंडी पट्टी आणि कटर
- डमीसाठी दोन-चार पाठकोरे कागद आणि पेन्सिल

१. आधी हाताने डमी करा

संगणक सुरू करण्याआधी हे करा. चार पाठकोरे कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा आणि पुस्तकासारखं उलटत प्रत्येक पृष्ठावर कोपऱ्यात १ ते १६ आकडे लिहा. आता घडी उघडून कागद सुटे करा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला डावीकडे १६ आणि उजवीकडे १ दिसेल. मागे डावीकडे २ आणि उजवीकडे १५. दुसऱ्या कागदावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. सगळ्यात आतल्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९.

शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज करून बघा. दर वेळी १७. एकूण पृष्ठं अधिक एक. ४४ पृष्ठांच्या पुस्तिकेत ही बेरीज ४५ यायला हवी. छापून आलेला कुठलाही कागद उचला आणि बेरीज करा. चुकली तर तिथेच थांबा. मी आजही दुकानात उभा राहून हेच करतो.

हा क्रम पीडीएफजॅम स्वतः लावतं. तरी डमी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. घडी हाताला कळली की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

२. मूळ फाइल कुठल्या मापाची करायची

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते छापून आल्यावरच कळतं.

ए मालिकेतल्या कागदांची गंमत अशी की ए४ मधोमध कापला की बरोबर ए५ होतो आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. ए४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर, ए५ म्हणजे १४८ गुणिले २१०. जर्मनीत १९२२ साली ठरलेलं हे प्रमाण १९७५ मध्ये आयएसओ २१६ म्हणून जगाने घेतलं. आपल्याला त्याचा फायदा असा की ए४वर टंकलेलं पृष्ठ अर्ध्या कागदावर नेमकं बसतं. पण बसताना लांबी-रुंदी दोन्ही सुमारे ७१ टक्के होतात. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं.

देवनागरीला साडेआठ पॉइंट चालत नाही. रफार, अनुस्वार, उकार, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या वर्षी माझी पृष्ठं क्रमाने बरोबर लागली होती आणि मी खुशीत होतो. आमच्या बुवांनी पुस्तिका हातात घेतली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "बाबू, ह्या माका दिसना नाय. अक्षरां मोठी कर." ज्यांच्या आवाजावर भजन उभं राहतं त्यांनाच वाचता आलं नाही, हे मला अजून लागून आहे.

म्हणून लिबरऑफिस किंवा वर्डमध्ये सुरुवातीलाच कागदाचं माप ए५ ठेवा आणि अक्षर १४ पॉइंट. मग आकार कमी होण्याचा प्रश्नच उरत नाही; जे पडद्यावर शंभर टक्क्यांवर दिसतं तेच छापून येतं. फाइल ए४मध्ये आधीच तयार असेल आणि पुन्हा लावायला वेळ नसेल तर अक्षर २० पॉइंट करा, छापताना ते १४च्या आसपास येईल. चारही बाजूंना निदान १२ मिलिमीटर समास सोडा, घडीच्या बाजूला थोडा जास्त. एक अभंग शक्यतो एका पृष्ठावर किंवा समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर संपवा. एका हातात झांज असताना पान उलटता येत नाही.

जाता जाता: पृष्ठ क्रमांक घालायला विसरू नका. बुवा "सतरा नंबर" म्हणाले की सगळ्यांनी सतरावर जायचं असतं.

३. साधनं बसवून घ्या

उबंटू किंवा डेबियनवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल टेक्सलाइव्ह-एक्स्ट्रा-युटिल्स पॉप्लर-युटिल्स

पीडीएफजॅम पहिल्या संचात येतं. स्पेलिंग पी, डी, एफ, जे, ए, एम, सगळं जोडून. मॅकवर मॅकटेक बसवलं की ते सोबतच येतं. विंडोजवर आधी पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून "डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल" द्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, आणि जो उबंटू मिळेल त्यात वरचीच आज्ञा चालवा.

पीडीएफजॅम ही मूळची वॉरिक विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फर्थ यांची छोटी स्क्रिप्ट. खरं काम पडद्याआड लाटेक ही टेकवर चालणारी अक्षरजुळणीची प्रणाली आणि त्यातलं पीडीएफपेजेस हे पॅकेज करतं. त्यामुळे स्क्रिप्ट चिमुकली असली तरी तिच्यासोबत टेकचा बराच पसारा उतरवून घ्यावा लागतो. श्रावणातल्या पावसात वीज आणि नेटवर्क एकदमच जातात, तेव्हा हे काम चतुर्थीच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा बसवलं की पुढे इंटरनेट लागत नाही.

जुन्या लेखांत तुम्हाला "पीडीएफबुक" नावाची आज्ञा सापडेल. पीडीएफजॅमच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती मुख्य संचातून वेगळी काढली आहे. ती सापडली नाही तर घाबरू नका. खाली दिलेली आज्ञा तेच काम करते.

४. फाइल तपासा

फाइलचं नाव साधं ठेवा: इंग्रजी लहान अक्षरं, मध्ये मोकळी जागा नाही. "गणपती भजन नवीन शेवटची.पीडीएफ" असं नाव टर्मिनलला चार वेगळ्या शब्दांसारखं दिसतं. मी "गाणी.पीडीएफ" ठेवतो. मग:

पीडीएफइन्फो गाणी.पीडीएफ

यात दोन ओळी बघायच्या. "पेजेस"समोर एकूण पृष्ठं. "पेज साइज"समोर माप पॉइंटांत: ए५ असेल तर साधारण ४२० गुणिले ५९५, ए४ असेल तर ५९५ गुणिले ८४२. ६१२ गुणिले ७९२ दिसलं तर तो अमेरिकन लेटर आकार आहे. वर्डमध्ये तो नकळत राहून जातो. माप बदलून पीडीएफ पुन्हा काढा.

मग टंकांची (फॉन्टची) तपासणी:

पीडीएफफॉन्ट्स गाणी.पीडीएफ

"ईएमबी" या रकान्यात प्रत्येक टंकासमोर "येस" हवं. टंक फाइलमध्ये भरलेला नसला तर दुसऱ्या संगणकावर अभंगाच्या जागी वेडीवाकडी चिन्हं उमटतात. जुन्या डीटीपीवाल्यांकडून श्रीलिपीत (जुन्या मराठी टंकांच्या प्रणालीत) टंकलेला मजकूर घेतला असेल तर हे हमखास तपासा. तुमच्या घरी फाइल बरोबर दिसते, कारण तो टंक तुमच्या संगणकात असतो. दुकानातल्या संगणकात असेलच असं नाही.

कोणी वहीची पृष्ठं मोबाइलने स्कॅन करून पाठवली असतील तर प्रत्येक पृष्ठाचं माप वेगळं असतं. ती आधी एका मापात आणा:

पीडीएफजॅम स्कॅन.पीडीएफ --पेपर ए५पेपर --आउटफाइल स्कॅन५.पीडीएफ

वेगवेगळ्या फाइली जोडायच्या असतील तरी हीच आज्ञा. नावं एकापुढे एक, हव्या त्या क्रमाने द्यायची.

५. कोरी पृष्ठं तुम्ही ठरवा, यंत्राला ठरवू देऊ नका

पुस्तिकेची पृष्ठसंख्या चारच्या पटीत लागते. समजा तुमची ४२ आहेत. पीडीएफजॅम गुपचूप दोन कोरी पृष्ठं शेवटी जोडून ४४ करतं. तक्रार करत नाही, म्हणून लक्षात येत नाही. परिणाम असा की तुम्ही शेवटच्या पृष्ठावर हौसेने टाकलेली मंडळाची नावं आत जातात आणि पुस्तिकेची पाठ कोरी राहते.

कोरं पृष्ठ कुठे हवं ते महिरपी कंसाची रिकामी जोडी घालून सांगता येतं:

पीडीएफजॅम गाणी.पीडीएफ '१-४१,{},{},४२' --पेपर ए५पेपर --आउटफाइल भरलेली.पीडीएफ

म्हणजे ४१ पृष्ठं, मग दोन कोरी, मग शेवटचं. अवतरणचिन्हं विसरलात तर टर्मिनल कंसांचा वेगळाच अर्थ लावू शकतं. माझा सल्ला असा की कोरी पृष्ठं वाया घालवू नका. वर "नवीन गवळणी" एवढंच लिहून खाली रेघा आखा. आमच्याकडे ती दोन पृष्ठं पहिल्या दोन रात्रींत भरतात.

६. पानं लावा

एवढ्या तयारीनंतर मुख्य काम एका ओळीचं आहे:

पीडीएफजॅम भरलेली.पीडीएफ --बुकलेट ट्रू --लँडस्केप --पेपर ए४पेपर --आउटफाइल छपाई.पीडीएफ

"बुकलेट ट्रू" क्रम लावतं. "लँडस्केप" कागद आडवा करतं. ते विसरलात तर दोन चिंचोळी पृष्ठं उभ्या कागदावर कोंबली जातात. "आउटफाइल" हा एकच जोडशब्द आहे, आणि त्यानंतर नव्या फाइलचं नाव द्यायचं. मूळ फाइलचंच नाव देऊ नका.

छपाई.पीडीएफ उघडा. ४४ पृष्ठांची २२ झाली असतील: ११ कागद, प्रत्येकाच्या दोन बाजू. पहिल्यावर ४४ आणि १, दुसऱ्यावर २ आणि ४३, अगदी शेवटी २२ आणि २३. बेरीज ४५.

पृष्ठं साठ-सत्तरच्या वर गेली तर सगळे कागद एकात एक घालून घडी नीट बसत नाही. तेव्हा छापखान्यात करतात तसे सोळा-सोळा पृष्ठांचे फॉर्म करून शिवायचे. त्यासाठी "--बुकलेट ट्रू"च्या जागी "--सिग्नेचर १६" लिहा. आकडा चारच्या पटीतलाच हवा. शिवणकाम हा वेगळा विषय आहे, आणि भजनाच्या पुस्तिकेला सहसा त्याची गरज पडत नाही.

घडीजवळचा मजकूर दबतोय असं वाटलं तर "--डेल्टा '८एमएम ०एमएम'" जोडा. दोन पृष्ठांच्या मध्ये आठ मिलिमीटर मोकळी जागा सुटते. त्या बदल्यात पृष्ठं किंचित लहान होतात.

७. एकच कागद छापा: कडेचा प्रश्न

माझे ५५० कागद इथेच गेले होते.

ए४ कागद आडवा धरा. पुस्तकाचं पान उलटतो तसा तो डाव्या-उजव्या बाजूने उलटा: हा आखूड कडेवर उलटला, म्हणजे शॉर्ट एज. आता भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर करतो तसा उलटा: हा लांब कडेवर, म्हणजे लाँग एज. आपल्या छपाई.पीडीएफमध्ये दोन्ही बाजू सरळ आहेत, म्हणून कागद शॉर्ट एजवरच उलटायला हवा. बहुतेक यंत्रांत लाँग एज आधीपासून निवडलेलं असतं, कारण रोजची पत्रं आणि अर्ज उभे छापतात.

लिनक्सवरून थेट छापत असाल तर:

एलपी -ओ साइड्स=टू-साइडेड-शॉर्ट-एज -ओ पेज-रेंजेस=१-२ छपाई.पीडीएफ

दुकानात छापत असाल तर संगणकावरच्या छपाईच्या खिडकीत "फ्लिप ऑन शॉर्ट एज" निवडायला सांगा आणि माप "ॲक्चुअल साइज" ठेवायला सांगा. "फिट" ठेवलं तर यंत्र आपल्या मनाने पृष्ठ आणखी आक्रसतं. सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला "बुकलेट" पर्याय निवडू देऊ नका. पानं आधीच लावलेली आहेत. तो पुन्हा लावायला गेला की क्रमाचा पार विचका होतो. मी आता फाइलच्या नावातच लिहून देतो: दोन्ही बाजू, शॉर्ट एज, बुकलेट नको.

पहिला कागद बाहेर आला की दुमडा, उलटा, बेरीज करा. मगच पुढचे छापा.

घरच्या यंत्राला आपोआप दोन्ही बाजू छापता येत नसतील तर आधी विषम आणि मग सम बाजू छापायच्या: "-ओ पेज-सेट=ऑड" आणि नंतर "-ओ पेज-सेट=इव्हन". कागद परत कसा घालायचा हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. कोऱ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली मारा, एक बाजू छापा आणि फुली कुठे आली ते बघून ठेवा. मी ते यंत्रावरच चिकटपट्टीने लिहून ठेवलं आहे.

८. पावसाळ्यातला कागद

ही सूचना देशावरच्या लेखांत सापडत नाही. आपल्याकडे भाद्रपदात हवा इतकी दमट असते की उघडं रीम दोन दिवसांत ओल धरतं. असा कागद यंत्रात गरम झाला की वळतो, आणि दुसरी बाजू छापताना हमखास अडकतो. दोन कागद चिकटून एकदम ओढले गेले तर एक बाजू कोरी राहते आणि तिथून पुढचे सगळे कागद चुकतात.

म्हणून रीम त्याच्या वेष्टनातच ठेवा आणि छापायच्या वेळी फोडा. उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. एका बाजूने छापलेले कागद लगेच परत घालू नका. पंधरा-वीस मिनिटं सपाट ठेवून वर जड वही ठेवा. पन्नास प्रती म्हणजे ११ कागदांच्या हिशेबाने ५५०, खराब होणारे धरून ६००. एक रीम ५०० कागदांचं असतं, तेव्हा दोन घ्या.

९. जुळवणी, पिना, कापणी

प्रती आपोआप लागून आल्या नसतील तर ११ कागदांच्या गठ्ठ्या लांब ओटीवर क्रमाने मांडा आणि पोरांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कागद उचलत न्या. प्रत्येक प्रत सरळ ठोकून घ्या, रंगीत मुखपृष्ठ बाहेरून लावा, घडीच्या रेषेवर बाहेरून आत दोन पिना मारा आणि मगच दुमडा. आधी दुमडून पिना मारायला गेलात तर त्या रेषेवर बसत नाहीत.

दुमडल्यावर आतले कागद बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे आलेले दिसतील. ११ कागदांत हा फरक मिलिमीटरभर होतो. लोखंडी पट्टी ठेवून कटरने उघडी कड सरळ कापा. बाहेरचा समास बारा मिलिमीटर ठेवायला सांगितलं ते यासाठीही. कापलेल्या पुस्तिका रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा, नाहीतर ओलीने फुगतात.

आरत्यांचा एक कागद वाटायला काढायचा असेल तर आरत्यांचं पृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये घेऊन ते एका ए४वर दोनदा बसवता येतं:

पीडीएफजॅम आरती.पीडीएफ '१,१' --एनअप २एक्स१ --लँडस्केप --पेपर ए४पेपर --आउटफाइल वाटप.पीडीएफ

इथे आधी एका आडव्या रांगेत किती पृष्ठं, मग अशा रांगा किती. एक्स म्हणजे इंग्रजी अक्षर. छापून मधोमध कापलं की एका कागदात दोघांना आरत्या मिळतात.

पुढच्या वर्षी पृष्ठं वाढतील. चालवलेल्या सगळ्या आज्ञा एका मजकुराच्या फाइलमध्ये गाणी.पीडीएफच्या शेजारीच जपून ठेवा, आणि नवीन गवळणी घातल्यावर पाचव्या पायरीतले आकडे बदलायला विसरू नका.